पीजीबॅजर: पोस्टग्रेसच्या सर्व्हरवर बसवणे आणि मागे काही न ठेवता काढणे

शिलेदार (धागाकर्ता)

पीजीबॅजर (पोस्टग्रेस डेटाबेसचा लॉग वाचून अहवाल बनवणारं टूल) बसवायला दोन मिनिटं पुरतात. पण त्याच्यासाठी पोस्टग्रेसच्या लॉगिंगमध्ये जे बदल करतो ते सर्व्हर चोवीस तास वागवतो, आणि टूल काढून टाकल्यावरही ते बदल तिथेच राहतात. नेटवर 'कसं बसवायचं' यावर ढीगभर पानं आहेत, काढण्याबद्दल एखादी ओळ. म्हणून दोन्ही एकत्र लिहितोय. उदाहरण उबंटूवरच्या पोस्टग्रेस १६ चं, क्लस्टरचं (म्हणजे चालू पोस्टग्रेस सर्व्हरच्या एका प्रतीचं) नाव मेन. कमांडी आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टाइप करा.

नवख्यांसाठी: पीजीबॅजर ही पर्लमधली एकच स्क्रिप्ट आहे, जिल दारोल यांची. ती डेटाबेसला जोडलीच जात नाही. तिला युजर लागत नाही, एक्स्टेंशन लागत नाही. लॉगची टेक्स्ट फाइल वाचते आणि एचटीएमएल अहवाल बनवते. त्यामुळे लॉगमध्ये जे लिहिलेलंच नाही ते अहवालात येणार नाही.

बसवणे: सुडो एपीटी इन्स्टॉल पीजीबॅजर. डिस्ट्रोच्या रेपोतली आवृत्ती बरीचदा जुनी असते. नवी हवी तर पीजीडीजीची (पोस्टग्रेसच्या विकासक गटाची) रेपो जोडा. पोस्टग्रेएसक्यूएल-कॉमन पॅकेजमध्ये त्यासाठी तयार स्क्रिप्ट येते, /यूएसआर/शेअर/पोस्टग्रेएसक्यूएल-कॉमन/पीजीडीजी या फोल्डरात. सीएसव्ही लॉग वाचायचे असतील तर पर्लचं टेक्स्ट-सीएसव्ही-एक्सएस मॉड्यूल हवं, जेसनसाठी जेसन-एक्सएस. साध्या टेक्स्ट लॉगला यातलं काही लागत नाही.

आता महत्त्वाचं. काहीही बदलायच्या आधी पीजी_सेटिंग्ज या सिस्टिम व्ह्यूमधून सध्याची स्थिती काढून ठेवा. नेम, सेटिंग, सोर्स, सोर्सफाइल हे चार कॉलम, नाव 'लॉग'पासून सुरू होणाऱ्या सगळ्या ओळी आणि एलसी_मेसेजेस. काढायच्या दिवशी हाच कागद लागतो.

बदल मुख्य पोस्टग्रेएसक्यूएल.कॉन्फमध्ये करू नका आणि ऑल्टर सिस्टिमनेही (सेटिंग बदलणारी एसक्यूएल कमांड) करू नका. डेबियन-उबंटूच्या कॉन्फमध्ये कॉन्फ.डी फोल्डर आधीच जोडलेलं असतं. /ईटीसी/पोस्टग्रेएसक्यूएल/१६/मेन/कॉन्फ.डी मध्ये पीजीबॅजर.कॉन्फ नावाची एक फाइल करा आणि सगळं तिच्यात ठेवा:

लॉग_मिन_ड्युरेशन_स्टेटमेंट = ५००
लॉग_लाइन_प्रीफिक्स = '%टी [%पी]: युजर=%यू,डीबी=%डी,ॲप=%ए,क्लायंट=%एच '
लॉग_चेकपॉइंट्स = ऑन
लॉग_कनेक्शन्स = ऑन
लॉग_डिसकनेक्शन्स = ऑन
लॉग_लॉक_वेट्स = ऑन
लॉग_टेम्प_फाइल्स = ०
लॉग_ऑटोव्हॅक्यूम_मिन_ड्युरेशन = ०
एलसी_मेसेजेस = 'सी'

प्रीफिक्सच्या शेवटची रिकामी जागा चुकून राहिली असं समजून खोडू नका, ती हवी. एलसी_मेसेजेस 'सी' यासाठी, की पीजीबॅजर लॉगमध्ये 'ड्युरेशन', 'स्टेटमेंट', 'एरर' असे इंग्रजी शब्दच शोधतो. क्वेरीच्या आत मराठी मजकूर असला तर काही बिघडत नाही.

फाइल पोस्टग्रेस युजरला वाचता आली पाहिजे. रूटने कडक युमास्कखाली (नव्या फाइलची परवानगी ठरवणारं सेटिंग) बनवली की परवानगी ६०० होते. मग रीलोडला लॉगमध्ये तक्रार येते आणि बदल लागू होत नाहीत. ते नजरेतून सुटलं तर पुढच्या रीस्टार्टला सर्व्हर उठतच नाही. म्हणून रीलोडच्या आधी पीजी_फाइल_सेटिंग्जमधला एरर कॉलम रिकामा आहे ना ते बघा. मग सिलेक्ट पीजी_रीलोड_कॉन्फ(). वरच्यापैकी कशालाही रीस्टार्ट लागत नाही.

पहिली खेप हाताने: पीजीबॅजर -पी '(वरचाच प्रीफिक्स जसाच्या तसा)' -ओ /टीएमपी/चाचणी.एचटीएमएल /व्हार/लॉग/पोस्टग्रेएसक्यूएल/पोस्टग्रेएसक्यूएल-१६-मेन.लॉग

---

हिशेबनीस

५०० मिलिसेकंद ठेवलंत ते बरं. बहुतेक लेखांत सरळ ० सांगतात, म्हणजे प्रत्येक क्वेरी लॉगमध्ये. त्याचा हिशेब आधी कागदावर मांडावा. सेकंदाला ५०० क्वेऱ्या, एका नोंदीला सरासरी ३०० बाइट धरले तर सेकंदाला १५० केबी, दिवसाला जवळपास १३ जीबी. ओआरएमने (कोडमधून आपोआप एसक्यूएल बनवणारी लायब्ररी) बनवलेल्या लांबलचक क्वेऱ्या असतील तर नोंद दोन-तीन केबीची होते आणि तोच आकडा शंभर जीबीच्या घरात जातो.

डेबियनवर लॉग /व्हार/लॉगमध्ये, डेटा /व्हार/लिबमध्ये. साध्या व्हीपीएसवर दोन्ही एकाच पार्टिशनवर असतात. लॉगने डिस्क भरली की डब्ल्यूएएल (प्रत्येक बदलाची आधी लिहिली जाणारी नोंद) लिहायला जागा उरत नाही आणि पोस्टग्रेस पॅनिक देऊन बंद पडतो. विश्लेषणाच्या टूलपायी डेटाबेस आडवा. /व्हार/लॉगला वेगळं पार्टिशन नसेल तर ० च्या वाटेला जाऊ नये.

---

निशिगंध

५०० ठेवल्यावर अहवालातली अर्धी पानं लंगडी होतात हेही सांगायला हवं. दोन मिलिसेकंदांची क्वेरी दिवसात वीस लाख वेळा चालत असेल तर सगळ्यात जास्त वेळ तीच खाते, पण ५०० च्या चाळणीतून ती कधीच दिसत नाही. 'सर्वाधिक वेळ घेणाऱ्या' यादीत मग फक्त रात्रीचे रिपोर्ट दिसतात.

मधला मार्ग पोस्टग्रेस १३ पासून आहे. लॉग_मिन_ड्युरेशन_सॅम्पल = ० आणि लॉग_स्टेटमेंट_सॅम्पल_रेट = ०.०१ ठेवा, जोडीला लॉग_मिन_ड्युरेशन_स्टेटमेंट = ५०० राहू द्या. हळू क्वेऱ्या सगळ्या येतात, बाकीच्यांतली शंभरातली एक. फक्त अहवालातली 'एकूण क्वेऱ्या' ही संख्या खरी मानू नका. पीजीबॅजर नमुन्याचा गुणाकार करत नाही, जेवढं वाचलं तेवढंच मोजतो.

---

खडूस_काका

लॉग_स्टेटमेंट = 'ऑल' पण लावा ना, म्हणजे सगळंच येईल.

---

निशिगंध

@खडूस_काका, नको. त्याने क्वेरीचा मजकूर येतो पण वेळ त्या ओळीत नसतो, आणि पीजीबॅजरचा सगळा जीव वेळेत आहे. लॉग_ड्युरेशन एकटं लावलं तर उलटं होतं, वेळ येतो पण मजकूर नाही. लॉग_स्टेटमेंट, लॉग_ड्युरेशन आणि लॉग_मिन_ड्युरेशन_स्टेटमेंट ही तिन्ही एकदम चालू करू नयेत, आकडे बिघडतात. पहिली दोन बंदच ठेवा. ऑडिटसाठी डीडीएल (टेबलं बनवणारी-बदलणारी विधानं) हवं असेल तर तो वेगळा विषय, त्याला वेगळं टूल.

---

मोडका_कंदील

प्रश्न: अहवाल बनतो, पण युजर, डेटाबेस, ॲप्लिकेशन सगळीकडे 'अननोन'. लॉगमध्ये तर नावं दिसतायत.

---

शिलेदार

@मोडका_कंदील, लॉगमधला प्रीफिक्स आणि -पी ला दिलेला प्रीफिक्स जुळत नाहीत. नेहमीची कारणं तीन.

एक, प्रीफिक्स बदललाय पण फाइलच्या वरच्या भागात जुन्या पद्धतीच्या ओळी आहेत. डेबियनचा मूळ प्रीफिक्स '%एम [%पी] %क्यू%यू@%डी ' असा असतो. -बी ने सुरुवातीची वेळ द्या, बदलानंतरचंच वाचा.

दोन, क्रॉन (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सेवा). क्रॉनटॅबमध्ये टक्क्याच्या चिन्हाला वेगळा अर्थ आहे, तिथे ओळ तुटते. हाताने चाललेली कमांड क्रॉनमध्ये मोडते ती बहुधा यामुळेच. प्रत्येक टक्क्याआधी बॅकस्लॅश द्या, किंवा कमांड एका शेल स्क्रिप्टमध्ये टाकून क्रॉनमधून ती स्क्रिप्ट बोलवा. दुसरं सोपं. आणि डेबियनवर /ईटीसी/क्रॉन.डी मधल्या फाइलच्या नावात टिंब चालत नाही. 'पीजीबॅजर' चालेल, 'पीजीबॅजर.क्रॉन' गुपचूप दुर्लक्षित होईल.

तीन, प्रीफिक्समध्ये ते घटक नाहीतच. आरडीएसवर (अमेझॉनची तयार डेटाबेस सेवा) तर प्रीफिक्स अमेझॉनच्या ठरलेल्या साच्यातलाच असतो आणि पीजीबॅजरला फॉरमॅट म्हणून आरडीएस सांगायचं असतं.

---

गोगलगाय

रोजच्या अहवालाबद्दल लिहितो. इन्क्रिमेंटल मोड वापरा: मोठा आय, मोठा ओ आणि आउटपुट फोल्डर, वर -क्यू म्हणजे क्रॉनचा मेल येत नाही. रोजचा आणि आठवड्याचा अहवाल आपोआप बनतो, इंडेक्स पानावर कॅलेंडर येतं. मोठा एक्स दिला तर सीएसएस आणि जावास्क्रिप्ट प्रत्येक पानात न भरता एकदाच वेगळं लिहिलं जातं, जागा वाचते. --रिटेन्शन ८ म्हणजे आठ आठवडे. न दिल्यास काहीच पुसलं जात नाही.

त्या फोल्डरात लास्ट_पार्स्ड नावाची फाइल बनते. कुठपर्यंत वाचलं त्याची खूण. साफसफाईत ती उडवली की सगळा लॉग पुन्हा वाचला जातो आणि त्या दिवसाचे आकडे दुप्पट दिसतात.

दुसरी गोष्ट लॉगरोटेटची (जुने लॉग बाजूला काढणारं टूल). डेबियनचं पॅकेज आठवड्याला फाइल फिरवतं, दहा ठेवतं, कॉपीट्रंकेट पद्धतीने, म्हणजे प्रत काढून मूळ फाइल रिकामी करून. रोटेशन दोन खेपांच्या मधे झालं तर जुन्या फाइलचं शेपूट वाचायचं राहून जातं. उपाय: क्रॉनमध्ये मेन.लॉग.१ आणि मेन.लॉग दोन्ही द्या, याच क्रमाने. डिले-कॉम्प्रेस असल्यामुळे .१ फाइल दाबलेली नसते. पुन्हा वाचलं जाईल ही भीती नको, लास्ट_पार्स्ड बघूनच पुढे जातो.

रेड हॅट, रॉकी, अल्मावर चित्र वेगळं. तिथे लॉगिंग कलेक्टर (पोस्टग्रेसची स्वतःच लॉग फाइली लिहिणारी प्रोसेस) चालू असतो, डेटा फोल्डरातल्या लॉगमध्ये पोस्टग्रेएसक्यूएल-मन, -ट्यू अशा सात फाइली आठवडाभर फिरतात आणि पुढच्या सोमवारी जुना सोमवार पुसला जातो. आठ दिवस क्रॉन बंद राहिला तर त्यातला सगळ्यात जुना भाग गेला.

---

सर्व्हरमामा

परवानगीचं कोणी लिहिलं नाही. उबंटूवर लॉग पोस्टग्रेस:एडीएम, ६४०. पीजीबॅजर रूटने चालवायची गरज नाही. वेगळा युजर करा, एडीएम गटात घाला. पण एडीएम म्हणजे /व्हार/लॉगमधलं जवळपास सगळंच वाचता येतं हे लक्षात असू द्या. रेड हॅटवर फाइल ६०० आणि डेटा फोल्डर ७००, तिथे पोस्टग्रेस युजरच्याच क्रॉनमधून चालवणं सरळ. डेटा फोल्डरची परवानगी सैल करायला जाऊ नका. परवानगी ७५० च्या पुढे गेली तर पोस्टग्रेस सुरूच होत नाही.

शक्य असेल तर त्या सर्व्हरवर चालवूच नका. रात्री आरसिंकने लॉग दुसऱ्या मशीनवर न्या, तिथे चालवा. प्रॉडक्शनवर फक्त कॉन्फ.डी मधली एक फाइल राहते, काढणंही तेवढंच. तिथेच चालवायचं तर नाइस १९ आणि आयओनाइस वर्ग ३ लावून.

छोटा जे आणि मोठा जे यात गल्लत होते. छोटा जे एकच मोठी फाइल तुकडे पाडून वाचतो, मोठा जे अनेक फाइली एकाच वेळी. वीस जीबीच्या एका फाइलला छोटा, शेकडो लहान फाइलींना मोठा. कोअर आठ असले म्हणून आठही देऊ नका, डेटाबेसलाही काहीतरी ठेवा.

मेमरी संपून कर्नलने मारला तर /टीएमपी मध्ये पीजीबॅजर.पीआयडी तशीच राहू शकते आणि पुढची खेप 'दुसरी प्रोसेस चालू आहे' म्हणून थांबू शकते. खरंच चालू नाही ना ते पीएसने बघून फाइल पुसा. एका मशीनवर दोन क्लस्टरांसाठी दोन खेपा चालवत असाल तर --पीआयडी-फाइलने वेगळी नावं द्या, नाहीतर एक दुसरीला अडवते.

---

तांबडी_माती

अहवाल सरळ /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/एचटीएमएल मध्ये टाकायला सांगणारे लेख वाचून अंगावर काटा येतो. हळू क्वेऱ्यांच्या उदाहरणांत खऱ्या किमती असतात. मोबाइल नंबर, आधार, पत्ता, जे व्हेअरमध्ये असेल ते. पोस्टग्रेस १३ पासून बाइंड पॅरामीटर किती लांबीपर्यंत लिहायचे ते लॉग_पॅरामीटर_मॅक्स_लेंग्थने ठरतं आणि मूळ किंमत -१, म्हणजे पूर्ण. ० केली की क्वेरीसोबत ते येत नाहीत. पण क्वेरीतच लिहिलेल्या किमती त्यानेही झाकत नाहीत.

पीजीबॅजरला --ॲनोनिमाइझ दिलं की अहवालातल्या किमती बदलल्या जातात. मूळ लॉगमध्ये मात्र त्या आहेतच. वेब सर्व्हरवर ठेवायचेच तर फक्त १२७.०.०.१ ला परवानगी द्या आणि एसएसएच टनेलने बघा. पासवर्डची चौकट ही किमान गोष्ट.

रेड हॅटवाल्यांसाठी: अहवाल दुसरीकडे बनवून एमव्हीने वेब फोल्डरात हलवला तर एसई-लिनक्सचं (लिनक्समधली जादा सुरक्षा यंत्रणा) जुनं लेबल चिकटून येतं आणि ब्राउझर ४०३ दाखवतो. रीस्टोरकॉन -आर चालवा. एसई-लिनक्स बंद करू नका.

---

हिशेबनीस

अवांतर: वेळेचं. क्लाउडवरचा सर्व्हर बहुधा यूटीसीवर असतो, लॉगही यूटीसीत. सकाळी साडेअकराची गर्दी अहवालात सहाला दिसते. लॉग_टाइमझोन = 'एशिया/कोलकाता' केलं की मुळातच प्रश्न मिटतो. ते करता येत नसेल तर मोठा झेड आलेख सरकवतो आणि --लॉग-टाइमझोन वाचतानाच वेळ सरकवतो. दोघांनाही दशांश चालतो, म्हणजे आपलं ५.५ देता येतं. चिन्ह बरोबर पडलं की उलट हे एखाद्या ठाऊक वेळेच्या क्रॉनच्या क्वेरीशी ताडून बघा. बॅकअपची कॉपी विधानं अहवाल भरून टाकतात, --एक्सक्लूड-क्वेरीने कॉपी आणि कमिट गाळा.

---

शिलेदार

आता काढण्याचं. क्रम महत्त्वाचा: आधी क्रॉन, मग पोस्टग्रेसची सेटिंग्ज, पॅकेज सगळ्यात शेवटी. लोक उलटं करतात. पॅकेज गेलं की 'काढलं' म्हणतात, आणि लॉग मात्र वाढतच राहतो. त्यातून क्रॉन रोज 'कमांड सापडली नाही' असा मेल टाकतो.

क्रॉनची फाइल आणि तिची स्क्रिप्ट पुसा. एखादी खेप चालू असेल तर ती संपू द्या.

मग कॉन्फ.डी मधली पीजीबॅजर.कॉन्फ पुसा आणि रीलोड. फाइलमधून गेलेली सेटिंग्ज मुख्य कॉन्फमधल्या किंवा मूळ किमतीवर परत येतात. इथे सुरुवातीला काढून ठेवलेली यादी घ्या आणि पीजी_सेटिंग्जशी ओळीओळीने ताडा.

फरक दिसला तर सोर्सफाइल बघा. तिथे पोस्टग्रेएसक्यूएल.ऑटो.कॉन्फ असेल तर कोणीतरी ऑल्टर सिस्टिम वापरलंय आणि ते बाकी सगळ्या फाइलींवर मात करतं. त्या नावासाठी ऑल्टर सिस्टिम रीसेट. ऑल्टर सिस्टिम रीसेट ऑल मोह पाडतं, पण त्यात शेअर्ड_बफर्स वगैरे दुसऱ्यांनी ठेवलेलंही उडतं आणि ते पुढच्या रीस्टार्टला कळतं. सोर्स 'डेटाबेस' किंवा 'युजर' दिसला तर पीजी_डीबी_रोल_सेटिंग बघा, एखाद्या रोलवर लॉग_मिन_ड्युरेशन_स्टेटमेंट = ० लावलेलं असतं. मात्र तो सोर्स तुम्ही ज्या डेटाबेसला, ज्या युजरने जोडला आहात त्याच्यापुरताच दिसतो, म्हणून ते टेबल स्वतंत्रपणे बघाच.

रीलोडनंतरही डिसकनेक्शनच्या ओळी येत राहिल्या तर घाबरू नका. लॉग_कनेक्शन्स आणि लॉग_डिसकनेक्शन्स जोडणी सुरू होतानाच ठरतात. पूलमधली जुनी कनेक्शनं जुन्याच नियमाने वागतात आणि मिटली की प्रश्न मिटतो. बाकीची सेटिंग्ज चालू सेशन्सनाही लगेच लागतात.

नंतर एपीटी पर्ज पीजीबॅजर. ऑटोरिमूव्ह करायचंच तर आधी -एस देऊन यादी वाचा. टेक्स्ट-सीएसव्ही-एक्सएस तुमच्याच दुसऱ्या एखाद्या पर्ल स्क्रिप्टला लागत असेल तर एपीटीला ते माहीत नसतं.

पर्ज अहवालांना हात लावत नाही. आउटपुट फोल्डर, वेब सर्व्हरमधला अलियास, /टीएमपी मधली पीआयडी आणि चाचणीचे अहवाल, सगळं हाताने. युजरला एडीएम गटातून जीपासडब्ल्यूडी -डी ने काढा.

---

खडूस_काका

सोर्सवरून बसवलं असेल तर? त्याच फोल्डरात जाऊन मेक अनइन्स्टॉल केलं की झालं.

---

सर्व्हरमामा

@खडूस_काका, होत नाही ना! पर्लच्या मेकमेकरमधलं अनइन्स्टॉल काही पुसतच नाही. 'असुरक्षित आणि कालबाह्य आहे, काढलेलं नाही, काय केलं असतं ते दाखवतो' अशा अर्थाचा संदेश येतो आणि खाली अनलिंकच्या ओळी छापल्या जातात. बघणाऱ्याला वाटतं पुसलं. त्या ओळींतल्या फाइली स्वतः आरएम करायच्या. साधारणपणे /यूएसआर/लोकल/बिन मधली स्क्रिप्ट, मॅन पेज आणि पर्लच्या फोल्डरातली पॅकलिस्ट.

सोर्सची प्रत मागे राहिली की आणखी एक घोळ. नंतर एपीटीने नवी बसवली तरी पाथमध्ये /यूएसआर/लोकल/बिन आधी येतं, म्हणून जुनीच चालते. पण क्रॉनच्या पाथमध्ये तो फोल्डर नसेल तर तिथे नवी. हाताने एक अहवाल, क्रॉनने दुसरा. टाइप -ए पीजीबॅजर करून किती प्रती आहेत ते बघा.

---

तांबडी_माती

शिलेदार, प्रीफिक्स परत घेताना आणखी एक बघावं लागतं. मधल्या काळात दुसरं कोणी त्याच प्रीफिक्सवर विसंबलेलं असू शकतं. फेल२बॅनचा (लॉग वाचून संशयित पत्ते अडवणारं टूल) फिल्टर, लॉग गोळा करणारा एजंट. क्लायंटचा पत्ता %एच मधूनच येत होता, तो गेला की फेल२बॅन गप्प बसतो, एरर न देता. /ईटीसी/फेल२बॅन आणि एजंटच्या फोल्डरात ग्रेप मारून मगच रीलोड.

---

मोडका_कंदील

अननोनचं कारण क्रॉनच निघालं, टक्के. धन्यवाद. वाचनखूण साठवली. एक राहिलं: रॉकीवर कॉन्फ.डी नाही, मग एक-फाइल पद्धत कशी?

---

गोगलगाय

@मोडका_कंदील, पोस्टग्रेएसक्यूएल.कॉन्फच्या अगदी शेवटी एक ओळ: इन्क्लूड_इफ_एक्झिस्ट्स = 'पीजीबॅजर.कॉन्फ'. फाइल डेटा फोल्डरातच ठेवा, मालक पोस्टग्रेस. साधं इन्क्लूड वापरू नका. तसं केल्यावर नुसती फाइल पुसली आणि ओळ राहिली तर पुढच्या रीस्टार्टला पोस्टग्रेस सुरू होत नाही. इफ_एक्झिस्ट्स असेल तर फाइल नाही एवढी नोंद लॉगमध्ये करून पुढे जातो. आणि ओळ शेवटीच हवी, कारण एकच नाव दोनदा आलं तर नंतरचं लागू होतं.